पाठ धरणारी मावशी

ऑपरेशन थिएटरात पेशंटची पाठ धरावी तर मावशीनंच. टेबलावर बसलेल्या माणसाचे खांदे कवेत घ्यायचे, मान खाली दाबायची आणि दम भरायचा, "पाठ बाहेर काढा, हलू नका!" मग भुलीचे म्हातारे डॉक्टर कमरेच्या हाडावरून बोट सरकवत दोन मणक्यांमधली फट चाचपत आणि तिथं सुई घालत. सव्वीस वर्षं ही जोडी. सुई हुकली की डॉक्टर विचारत, "पेशंट हलला का गं?" मावशी ठणकावून सांगे, "हलला की! किती सांगितलं, ऐकेल तर शपथ!" बिचारा पेशंट ओशाळून माफी मागे.

अलीकडे सुई फारच हुकायला लागली होती. बोटं थकली होती, दुसरं काय! त्यात नव्या डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचं मशीन घेऊन आल्या. पाठीवर फिरवायचं, पडद्यावर फट बघायची, पेनानं खूण करून तिथंच टोचायचं. "सरळ पाठीला सरांची बोटं पुरतात," त्या म्हणत, "वाकड्या पाठीला मात्र आधी बघून घेतलेलं बरं." मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जाई. कालची पोर, आणि आमच्या साहेबांना शिकवते? दवाखान्याच्या मालकांनी तर बजावूनच ठेवलं होतं, आता आणखी एकाला चार-चार वेळा टोचलं तर म्हाताऱ्यांनी घरी बसायचं. घरी होतं कोण? बायको गेलेली, मुलगा दूरदेशी. काम सुटलं तर हा माणूस भिंतींकडे बघत झिजून जाईल, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं.

आणि नेमकी तिचीच गर्भाशयाची पिशवी काढायची वेळ आली. दम्यामुळे पूर्ण भूल नको, कमरेखालचीच द्यायची ठरलं. माणसं धरून धरून तिचा कणा एका अंगाला कललेला. डॉक्टरीणबाईंनी मशीन पुढं ओढलं तशी ती फणकारली, "ते न्या तिकडं. माझी पाठ साहेबच बघतील."

खांदे धरायला एक सिस्टर उभी राहिली. पहिली सुई हाडावर आपटली. दुसरीही. मावशी दात आवळून बसून राहिली. कसं बसायचं ते तिला कोण शिकवणार? तिसरीला डाव्या पायात सणकन कळ गेली, डोळे भरून आले, पण अंग तसूभर ढळलं नाही.

"मावशी, हललीस का गं?" मागून डॉक्टरांचा दमलेला आवाज आला.

सगळे थांबले. हो म्हटलं की संपलं, साहेबांची लाज राखली जाणार. पण तिला एक बाळंतीण आठवली. देवाशपथ हलले नाही हो, म्हणून रडत होती आणि मावशीनं तिला सगळ्यांदेखत झापलं होतं. अशा किती जणींना आपण खोटं पाडलं! तिला स्वतःचीच किळस आली.

"नाही साहेब," ती म्हणाली. "मी हलले नाही."

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. "बाई, मशीन लावा तुम्ही," म्हणाले, आणि समोर येऊन सिस्टरला बाजूला करून त्यांनी स्वतःच मावशीचे खांदे धरले. डॉक्टरीणबाईंनी खूण केली, एकदाच टोचलं. पाय उबदार झाले, मग जड. कोणी तक्रार केली नाही, तरी दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्यांनी राजीनामा दिला.

दीड महिन्यानं, चालायला लागल्यावर, मावशी त्यांच्या घरी गेली. दार उघडायला त्यांना वेळ लागला. दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी तुटलेली. उंबऱ्यातच तिनं पाठ करून आणलेलं वाक्य म्हणून टाकलं, "साहेब, त्या दिवशी मी हलले होते. भीतीनं खोटं बोलले."

डॉक्टरांनी दार पुरतं उघडलं.

"नाही गं," ते म्हणाले. "माझं बोट होतं ना तुझ्या पाठीवर. कोण हललं आणि कोण नाही, मला दर वेळी कळायचं."