देवराव मेश्रामांची आठपट दुर्बीण

देवराव मेश्रामांना मी पहिल्यांदा पाहिलं ते टूलरूमच्या खिडकीतून. ती खिडकी इतकी लहान होती की कारखान्यातल्या निम्म्या लोकांची समजूत होती, आत माणूस नाहीच, नुसता एक हात नोकरीला ठेवला आहे. मी तेव्हा शिकाऊ होतो. बावीस नंबरचा पाना मागितला. हात बाहेर आला, माझं पितळी टोकन घेऊन आत गेला, आणि पाना येईपर्यंत मला मिशी फुटली, एक भट्टी विझवून नव्यानं बांधून झाली आणि मध्य प्रदेशाचं छत्तीसगड झालं. मग आतून आवाज आला, "वापस कवा आणशील?"

टोकन खुंटीवर, अवजार हातात. अवजार परत आलं की टोकन परत. असं चौतीस वर्षं चाललं, आणि एवढ्या वर्षांत एकच वस्तू बुडाली: ओळखीखातर, टोकन न घेता, चंपत नावाच्या फिटरला दिलेला चोवीस इंची पाइप पाना. चंपतची बदली झाली, पाना त्याच्याबरोबर गेला. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार पडत असतानाही देवराव गर्दीत चंपत दिसतो का, ते बघत होते.

निवृत्त झाल्यावर त्यांनी रुआबांध्याच्या घरातलं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. प्रत्येक डब्यावर लाल रेघ मारली. साठा तिच्याखाली जायचा नाही. पोहे रेघेला टेकले म्हणून व्याह्यांना नुसता चहा मिळाला. तेव्हा त्यांच्या पत्नी सुनिताबाईंनी लेकीला, सुजाताला, फोन केला. "तुया बापाले कुठंतरी गुंतव. नाही तर मी वैशाली नगरले तुयाच घरी येऊन राहते."

सुजाता आणि तिचा नवरा नरेश फोनवर बंदुकांचा एक खेळ खेळत. तिघांची टोळी रिकाम्या हातानं बेटावर उतरते, घरं धुंडाळून बंदुका, गोळ्या, औषधाचे डबे गोळा करते. भोवती एक निळं वर्तुळ आवळत येतं, त्याच्या बाहेर राहणारा मरतो. शेवटी उरेल ती टोळी जिंकते. त्यांना तिसरा माणूस हवा होता. देवरावांनी फोन हातात घेतला. पडद्यावर स्वतःचा नुसता हात दिसत होता. त्यांना काहीच नवं वाटलं नाही.

नेमबाजीच्या नावानं शून्य होतं. पण कुठल्या घरात कपाटामागे काय पडलेलं असतं, हे त्यांना आठवड्यात पाठ झालं. सगळा माल त्यांच्याकडे राहू लागला.

"बाबा, गोळ्या द्या, जल्दी."

"किती?"

"साठ."

"मंगाच्या तीसचं काय केलं?"

"चलाई ना."

"लागल्या किती?"

नरेश तोवर भिंतीआड रक्तबंबाळ पडलेला असे. "मामाजी, एक दवाई फेको, मर रहा हूं."

"मरत नाहीस. आधं रक्त हाय अजून. स्टॉकमध्ये दोन डबे ठेवाच लागते."

अशा कारभारावरही टोळी जिंकू लागली, कारण शेवटपर्यंत गोळ्या फक्त यांच्याकडेच उरत. सुनिताबाईंच्या पोह्यांना मोकळीक मिळाली. खोड एकच होती. टोळीतलं कुणी मेलं की त्याला दिलेला माल आणायला देवराव मागं फिरत आणि तिथंच मरत. असं तीनदा झाल्यावर, कारखान्याच्या क्लबनं ठेवलेल्या या खेळाच्या स्पर्धेआधी सुजातानं बजावलं, "परत सामानासाठी फिरले तर टीममधून बाहर, बाबा. मंग बसा डबे मोजत." देवरावांनी मान हलवली. सुनिताबाईंनी आपलं डोकं पुढं केलं आणि त्यावर हात ठेवून 'बंदुकीसाठी मागं फिरणार नाही' अशी शपथ त्यांना घ्यायला लावली.

स्पर्धा रविवारी दुपारी होती. एकोणीस टोळ्या, पहिल्या दोन रायपूरला जाणार. तीन टोळ्या उरल्या असताना बंदुकीवर बसवायची, लांबचं आठपट जवळ दाखवणारी बेटावरची एकुलती दुर्बीण देवरावांनी नरेशला दिली, "वापस कवा?" असं विचारून. पाचव्या मिनिटाला नरेश मेला, वर्तुळाच्या चाळीस पावलं बाहेर. सुजाता खडकाआड होती; देवरावांनी तिची पाठ राखायची होती.

"बाबा, कुठं जाऊन राहिले?"

"आलोच."

"शपथ घेतली ना तुम्ही?"

"बंदुकीची घेतली व्हती. हे दुर्बीण हाय."

"गेम हाय बाबा. कावून जाता?"

"देली कोणं? म्या."

नरेश शेजारच्या खुर्चीवर डोक्याला हात लावून म्हणाला, "मामाजी, वो चंपत नहीं, मैं हूं." देवरावांनी ऐकलं नाही. ते पोचले, दुर्बीण उचलली, पिशवीत ठेवली आणि वर्तुळाबाहेरच मेले. औषधाचा एक डबा उघडला असता तर परत येता आलं असतं. पिशवीत अकरा होते. पाठीमागं कुणी नसलेली सुजाता पुढच्या अर्ध्या मिनिटात गेली.

त्यांचा नंबर तिसरा आला. आता तिसरा माणूस म्हणून नरेशचा मावसभाऊ खेळतो. पोह्याच्या डब्यावरची रेघ दोन बोटं वर सरकली आहे.