चौदावा शुभेच्छुक

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या धंद्यात विश्वास बसणंच अवघड. बीडमध्ये जालना रोडच्या बाजूला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. आधी भिंती आणि पाट्या रंगवायचो, म्हणून लोक अजून 'पेंटर'च म्हणतात. ज्याला गल्लीतलं कुत्रं ओळखत नाही त्याला 'युवकांचे प्रेरणास्थान' मी करतो... काळ्याचा गोरा करतो, टकलावर केस आणतो, मागे सिंह उभा करतो. अशा माणसाने चमत्कारावर काय विश्वास ठेवायचा? फाईलमध्ये जे टाकाल तेच मशीनमधून बाहेर येतं, एवढंच मला माहीत होतं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल सांगता येत नाही, पण चौकात रोज नवा फ्लेक्स येतो. वाढदिवस, निवड, पुनर्निवड, आणि काहीच नसेल तर 'स्वागत'. वर नेत्याचा मोठा फोटो, खाली ओळीने छोटे छोटे चेहरे. ते शुभेच्छुक. धंद्यात आम्ही त्यांना मुंडकी म्हणतो. त्या मुंडक्यांकडे कुणी बघत नाही, फक्त ज्याचं मुंडकं असतं तो बघतो. तो मात्र बायकापोरांना घेऊन येतो, त्याखाली उभा राहतो आणि फोटो काढतो.

दिगू त्यातलाच. मूळचा लिंबागणेशचा, बापाची शेरडं होती. शहरात आला आणि एका साहेबांच्या मागे लागला. साहेबांचं नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही. दिगूचं काम म्हणजे खुर्च्या मांडणं, सतरंज्या उचलणं, फ्लेक्स बांधणं. दर वाढदिवसाला तो माझ्या शेजारी स्टूल टाकून बसायचा.

"पेंटर, यंदा एक लाईन वर घे की बे. चार साल झाले, तळातच हाय मी."

"नंदूला विचार. यादी त्याची असते."

नंदू म्हणजे साहेबांचा उजवा हात. तो कधीच हो म्हणाला नाही. दिगूचा एकच फोटो माझ्याकडे होता, पांढरा शर्ट, हात जोडलेले. सात वर्षं तोच वापरला. मधल्या काळात तो दारूत बुडाला होता. मग एक दिवस मुलीच्या, आरतीच्या, डोक्यावर हात ठेवून त्याने शपथ घेतली आणि दारू सोडली. खरंच सोडली. लग्नात, मिरवणुकीत, मतदानाच्या आदल्या रात्रीसुद्धा त्याने ग्लास हातात धरला नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो, आणि नेमकं हेच मी त्या वेळी सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. साहेबांचा वाढदिवस दसऱ्याच्या पुढेमागे येतो. सकाळी सहाला आम्ही तिघं चौकात होतो, मी, दिगू आणि नंदू. चहाचं दुकानही उघडलेलं नव्हतं. लोखंडी सांगाडा जुना, गंजलेला, आणि बिनपरवानगीचा. दिगू अर्ध्यावर चढला आणि थांबला.

"पेंटर, हालतंय लई. दुसरा दोर आन."

मी म्हणालो, "सातला साहेबांची गाडी येतीय. चढ, बांध पटकन, काही होत नाही."

वरची पट्टी निखळली. दिगू डोक्यावर पडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

दवाखान्याच्या आवारात नंदूने मला बाजूला घेतलं. तो घाबरला नव्हता. फोनवर बोलून आलेला होता. "चौकात पडला म्हणलं की सांगाडा आला, सांगाडा आला की साहेबांचं नाव आलं. आजच्या दिवशी? तुझ्या दुकानाच्या गच्चीवरून पडला म्हण. रात्री घेतली होती, गच्चीवर झोपला, सकाळी तोल गेला. आधी प्यायचाच ना तो? कोण इचारतंय?"

खरोखरच कुणी विचारलं नाही. जबाब घेणाऱ्या पोलिसाने दोन ओळी लिहिल्या, मी खाली सही केली. साहेबांची सगळी कामं माझ्याकडे होती, नवीन मशीन त्यांच्याच जोरावर घेतलेलं होतं, ही कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. खरं कारण वेगळं होतं. चढ म्हणणारा मीच होतो. गच्चीवरून पडला असं लिहिलं की मीही सुटत होतो.

दहाव्याला साहेबांकडून श्रद्धांजलीचा फ्लेक्स आला. छापला मीच. त्यात दिगूपेक्षा साहेबांचा फोटो दुप्पट मोठा होता.

दिगूची बायको, रेखावहिनी, त्या दिवशी सासरी लिंबागणेशला होती. तिने कागदावरचं ऐकलं आणि ते खरं मानलं. का मानू नये, सही तर दिगूच्या मित्राची होती. तेरावं झालं आणि तिने घरातला त्याचा फोटो उतरवला. आरतीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलला, एवढंच ती म्हणायची. शिवणकामावर घर चालवायची आणि त्याचं नाव काढू द्यायची नाही. मला हे सगळं कळत होतं. मी तिच्या दारावरून जायचो, आत जायचो नाही.

पुढच्या वर्षी वाढदिवसाचा फ्लेक्स मीच केला. नंदूच्या यादीत तेरा नावं, तेरा चेहरे. फ्लेक्स चौकात लागला. दहाच्या सुमारास चहावाले चाँदभाई दुकानात आले.

"पेंटर, दिगू को कायकू लगाए तुम?"

मी हसलो. जाऊन पाहिलं तर उजवीकडच्या कोपऱ्यात, तळाशी, चौदावा चेहरा होता. दिगूचा. खाली नाव नाही.

आता कुणीही म्हणेल तेच मी म्हणालो, जुनी फाईल वापरली असेल, राहिला असेल. पण जुन्या फाईलमध्ये त्याचा पांढरा शर्ट आणि जोडलेले हात. इथे मोरपंखी रंगाचा शर्ट होता, आणि हात खाली. मी या शहरातले हजारो शुभेच्छुक छापले असतील, हात खाली सोडलेला एकही आठवत नाही. तो समोर बघत होता. रागाने नाही... दुसरा दोर मागताना बघत होता तसा.

नंदूचा फोन आला. "मेलेल्याला शुभेच्छुक केलास का बे? काढ ते आधी."

फ्लेक्स उतरवला. फाईल उघडली, तेरा. पुन्हा छापला. मशीनमधून इंचाइंचाने बाहेर येताना मी उभा राहून मोजले, तेरा. स्वतः चौकात नेऊन बांधला. जेवून परत आलो तर चौदा. तोच कोपरा, तोच शर्ट. मी पांढऱ्या फ्लेक्सचा तुकडा कापून त्यावर चिकटवला आणि घरी जाऊन तापाने झोपलो.

त्यानंतर साहेबांच्या प्रत्येक फ्लेक्सवर तो यायचा. दिवाळीला, गणपतीला, कुठल्या तरी समितीवर निवड झाली तेव्हा. दुसऱ्या कुणाच्या फ्लेक्सवर कधी नाही. फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर केली, मशीन बदलून पाहिलं, धारूरच्या एका ओळखीच्या दुकानातून छापून आणला. करणारा मी असलो की तो यायचाच. मी तेवढा भाग कापून त्या जागी 'आपलेच स्नेही' असा पट्टा लावू लागलो. नंदूला वाटलं नवीन डिझाईन आहे. कापलेले तुकडे फेकवत नव्हते, म्हणून टेबलाखाली ठेवत गेलो.

यंदाच्या वाढदिवसानंतर चौथ्या दिवशी, भर दुपारी, रेखावहिनी दुकानात आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. बसली नाही.

"भाऊजी, तुमी त्यांचा फोटो टाकता म्हनं फ्लेक्सवर. चाँदभाईची बायको सांगत होती. कावून टाकता? त्या मानसाचं तोंड बघायचं न्हाई मला. लेकीच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतली न् मोडली. आरतीला शाळेत पोरी काय काय बोलत्यात, तुमाला ठावं न्हाई. नका टाकू एवढंच सांगायला आले."

मी टाकत नाही, असं म्हणालो. तिला ते पटलं नाही. मग मी टेबलाखालचा एक तुकडा काढून तिच्यापुढे धरला. काय सांगणार होतो कोण जाणे, पण धरला.

तिने तोंड फिरवलं नाही. तुकडा हातात घेतला, उजेडाला नेला. बराच वेळ बघितलं.

"ह्यो शर्ट तुमी कुटून आनला?"

"मी नाही आणला, वहिनी."

"चला माज्यासंगं."

बिंदुसरा नदीच्या काठावर तिची एक खोली आहे. तिने लोखंडी कपाट उघडलं आणि साड्यांच्या तळातून एक पिशवी काढली. आत मोरपंखी शर्ट होता. प्लास्टिक फाडलेलं नव्हतं, कॉलरखालचा पुठ्ठा, टाचण्या, सगळं जागेवर. ती म्हणाली, शिवणाच्या पैशातून दिवाळीसाठी घेतलेला होता, त्याला सांगितलं नव्हतं, दाखवला नव्हता. तो गेला तेव्हा दिवाळीला तीन आठवडे बाकी होते. फेकू फेकू म्हणत राहून गेला.

"ह्यो त्यानं अंगाला लावलेला न्हाई, भाऊजी. त्याला म्हाईतच नव्हता. मग ह्यात कसा?"

माझ्या तोंडून एकदम सगळंच निघालं. सकाळचे सहा, सांगाडा, दुसरा दोर, सातची गाडी, नंदू, गच्ची, सही. चढ म्हणणारा मी होतो, हेही. आणि त्याने दारूला हात लावला नव्हता, हे दोनदा सांगितलं.

मला वाटलं ती चपलेने मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती कपाटाला टेकून खाली बसली, शर्टाची पिशवी मांडीवर घेऊन.

"तीन साल," ती म्हणाली. "तीन साल मी त्याला रोज शिव्या घातल्या. दिवा न्हाई लावला त्याच्या नावानं. पोरीला सांगितलं तुजा बाप खोटारडा होता. तुमी इथून रोज जात होता, भाऊजी. दार उघडंच असायचं."

मग म्हणाली, "जिथं सही केली तिथं जाऊन सांगा."

गेलो. अर्ज लिहून नेला. पोलीस ठाण्यातल्या फौजदारांनी चहा पाजला. म्हणाले, "फाईल बंद हाय, पेंटर. आता उकरून काय मिळनार? पुरावा काय हाय?" पुरावा म्हणून माझ्याकडे फ्लेक्सचे कापलेले तुकडे होते. ते मी दाखवले नाहीत. अर्ज घेतला, पोच दिली नाही. संध्याकाळपर्यंत नंदूला कळलं होतं. साहेबांची कामं बंद झाली. दोघा-तिघांनी येऊन समजावलं, एकाने जरा जास्तच समजावलं, काच फुटली. मी दुसरा अर्ज दिला, या वेळी चाँदभाईंच्या सहीसह. सांगाड्याचा आवाज त्यांनी त्या सकाळी घरातून ऐकला होता, इतकी वर्षं गप्प होते. त्याचं पुढे काय होईल माहीत नाही. फार काही होईल असं वाटत नाही.

दिवाळीला साहेबांचा फ्लेक्स दुसऱ्या दुकानातून आला. मी सकाळी चौकात जाऊन उभा राहिलो आणि मोजलं. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. खाली नावं होती तेवढेच चेहरे निघाले. संध्याकाळी पुन्हा गेलो, तेवढेच. दिगू नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की तो कधी साहेबांना शुभेच्छा द्यायला येतच नव्हता. तो माझ्याकडे येत होता.

बाकी मला काही कळलेलं नाही. फाईलमधले तेरा चौकात जाऊन चौदा कसे होतात, न घातलेला शर्ट अंगावर कसा येतो... शिकलेल्या लोकांना विचारलं, त्यांनी शाई, ऊन, माझं डोकं, असं काय काय सांगितलं. शर्टाचं कुणी सांगितलं नाही. कुणाला माहीत असेल तर खाली जरूर लिहा. 'मनाचा खेळ' असं लिहिणाऱ्यांनी तसदी घेऊ नये. वहिनीच्या हातात ती पिशवी मी पाहिली आहे.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी वहिनीचा निरोप आला, भिंतीवर लावायला त्याचा फोटो हवा आहे. मी जुन्या फाईलमधला काढून तयार केला, चेहरा उजळला, मागे निळं आभाळ टाकलं. तिने बघितला आणि परत केला.

"हात जोडलेला नको. त्यो तुकडाच द्या, हाय तसा."

टेबलाखालचा सगळ्यात बरा तुकडा निवडला, काच आणि लाकडी चौकट बसवून घेतली. कुठेही हात फिरवला नाही, मोरपंखी रंगसुद्धा उन्हाने जेवढा उडाला होता तेवढाच राहू दिला. घेऊन गेलो तेव्हा आरती भिंतीत खिळा ठोकत होती. वहिनीने चौकट दारातच घेतली, पदराने काच पुसली.

आत या म्हणाली नाही.