मानेतला ठिपका

पडद्यावर माझी मान उजळली होती. त्या उजेडात कुठेतरी, माझ्या हाडांतलं कॅल्शियम ओढून घेणारी एक बिघडलेली ग्रंथी लपली होती. सोनोग्राफीत ती सापडली नव्हती. या स्कॅनमध्येही दिसली नाही, तर डॉक्टर मान दोन्ही बाजूंनी उघडून शोधणार होते. दिसली, तर छोट्याशा छेदावर भागणार होतं.

"आता बाहेर बसा, ताई. दुसरा फोटो नंतर," मशीनवरचे दादा म्हणाले. सुरतेत, घरापासून इतक्या लांब, कुणी मराठीत ताई म्हटलं, तेवढ्यानेच डोळे भरले. सहावीत शाळा सुटलेल्या मला त्यांनी न कंटाळता समजावलं. इंजेक्शनमधल्या औषधाला बाकीची मान हळूहळू सोडून देते, बिघडलेली ग्रंथी मात्र धरून ठेवते, म्हणून दुसऱ्या फोटोत तेवढीच उजळते.

बाकावर बसून मी गळ्यावरून हात फिरवत राहिले. इतकी वर्षं हाडांच्या या दुखण्याला मी कारखान्यात साड्यांच्या घड्या घालण्याचा थकवा समजत होते. लोक दुखणं जावं म्हणून देवाला आळवतात. मी त्या ग्रंथीलाच आळवत होते. बाई, सोडू नकोस, घट्ट धरून ठेव.

पुन्हा मशीनखाली झोपले.

"दादा, आवंढा गिळू का?"

"गिळा की! फक्त गाणं म्हणू नका."

हसू काही फुटेना.

"दिसतेय का हो?"

ते पडद्याजवळ वाकले. "डॉक्टर सांगतीलच. पण आहे, ताई. डावीकडे, खाली."

आजार आहे हे ऐकून मी पडल्यापडल्याच हात जोडले.