समन्सची मागची बाजू

नागपूरच्या कोर्टात मी बावीस वर्षं बेंच क्लार्क आहे. रोज कोणते दावे पुढे येणार, त्याची यादी, म्हणजे बोर्ड, मी लावते. पूर्वी त्यातले कितीतरी लोक नुसती पुढची तारीख घेऊन परत जायचे. तेवढ्यासाठी कोणी गाडी काढायचं, कोणी बस धरायचं, वकील नकलांचे गठ्ठे आणायचे.

एकदा जज्जसाहेबांनी चेंबरमध्ये बोलावलं. "कागद, वीज, पेट्रोल, सगळंच वाचवायचं ठरलंय. कोणता दावा चालणार नाही हे एआय दोन दिवस आधी सांगेल. तुम्ही ते तपासा."

मी हो म्हटलं, पण मनातून चिडले होते. माझं डोकं आता कोणाला नको, असंच वाटलं.

ते काम घेऊन एक तरुण इंजिनिअर मुलगी आली. एआयच्या पहिल्याच यादीत उमरेडच्या एका विणकर बाईंचा वाटणीचा दावा 'चालणार' म्हणून दिसला.

"हा नाही चालणार," मी म्हटलं.

"मॅडम, कागद तर सगळे पूर्ण आहेत."

मी फाईल आणली, बाईंच्या दिरावर काढलेलं समन्स शोधलं आणि उलटं केलं. मागे समन्स द्यायला गेलेल्या बेलिफच्या अक्षरात लिहिलं होतं : इसम मिळून आला नाही, घरास कुलूप. दिराला समन्स मिळालंच नव्हतं, मग दावा चालणार कसा?

ती शेरा वाचून हळूच म्हणाली, "आम्ही समोरचीच बाजू स्कॅन केली."

त्यानंतर पूर्ण उन्हाळा आम्ही दोघींनी मागच्या बाजू वाचण्यात घालवला. एका बेलिफचा 'न' कोणालाच लागत नसे. तो मी मशीनला शिकवला. पुढे पुढे ते माझ्याआधी ओळखू लागलं, तेव्हा मी चक्क टाळी वाजवली.

मग ज्यांचा दावा चालणार नाही, त्यांना 'येऊ नका' असे मेसेज जाऊ लागले. तरी उमरेडच्या बाई आल्याच.

"मावशी, काहून आल्या? मेसेज नाही भेटला का?"

"भेटला ना वं. पण मशीनचं काय खरं? तारीख चुकली तं दावा जाते."

मी त्यांना कुलपाचा शेरा वाचून दाखवला. "आता 'या' असा मेसेज आला, तेव्हाच या."

पुढे दिराला समन्स मिळालं, त्याने उत्तर दाखल केलं, तसा बाईंना 'या' असा मेसेज गेला. त्या तारखेला त्यांची साक्ष पूर्ण झाली. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "एका खेपेत काम झालं वं बाई!"

आता व्हरांड्यात चालायला जागा असते. थोडेच दावे असले की दोन कोर्टांचं काम एका खोलीत होतं आणि दुसरीतला एसी बंद राहतो. मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मशीन हुशार आहे, पण त्याला शिकवलं यांनी." माझे कान गरम झाले.

मागच्या आठवड्यात तालुक्यांच्या क्लार्कना शिकवायला मला बोलावणं आलं. त्याच संध्याकाळी गांधीबागेच्या कापड बाजारात जाऊन मी एक साडी घेतली. दुकानदाराने विचारलं, "लग्न आहे का घरी?"

"नाही जी," मी म्हटलं, "मले शिकवायले जायचं आहे."