टाक्यातला फेस

आमच्या अंगणात म्हशींना पाणी पाजायचं सिमेंटचं टाकं आहे. त्यात कोणी साबणाचा हात जरी बुडवला तरी माझं डोकं फिरतं. साबणाच्या पाण्याला म्हैस तोंड लावत नाही.

धाकटी जाऊ लग्न होऊन आमच्या गावात, दवनीवाड्यात आली त्याला दोनच महिने झाले होते. धानाचा रोवणा सुरू होता. संध्याकाळी रोवणाऱ्या बाया टाक्यापाशी पाय धुवायला थांबल्या, तेवढ्यात मला टाक्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या वीतभर वर, पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला. मी सरळ जावेवर तोंड सोडलं. "मायेरी हेच शिकवलं का? ढोराच्या टाक्यात कपडे धुऊन राहिली!"

सगळ्या बाया ऐकत होत्या. पोरीचा चेहरा उतरला, पण ती दबली नाही. "मी कायले धुवू जी इथं? हा फेस कोणाचा हाय ते समजल्याबिगर याले कोणी हात लावायचा नाही."

तेव्हापासून मी झाडू घेऊन निघाले की ती आडवी यायची. साबणाचा फेस दोन दिवस टिकत नाही, हे मला कळायला हवं होतं. पण रागात कुठलं काय कळतं!

पाचव्या दिवशी सकाळी सगळे शेतावर गेलेले. मी म्हैस सोडून टाक्याशी आणली आणि बघतच राहिले. फेस सैल होऊन लोंबत होता आणि त्यातून बेडकाची इवली पिल्लं, शेपट्या हलवत, टपटप पाण्यात पडत होती. आमच्या न्हाणीच्या भिंतीला दिवसभर चिकटून बसणारी ती तपकिरी झाडबेडकी! तिनं फेसात अंडी घातली होती, तीही नेमकी पाण्याच्या वर, म्हणजे पिल्लं निघाली की थेट पाण्यात. मला एकटीलाच हसू फुटलं. मग लाजही वाटली.

बघायला कोणीच नव्हतं. बादलीभर पाणी मारलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण जावेचा उतरलेला चेहरा आठवला, आणि मी म्हैस बांधून शेताकडे पळाले.

"फेस बेडकीचा होता वो!" मी बांधावरून ओरडले. "मी उगाच बोलली हिले. चूक माझी हाय!"

जाऊ बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलातून उठली नाही. वाकूनच म्हणाली, "बाई, पलीकडच्या बांधीतल्या बायांले आयकू नाही गेलं. त्या दिवशी त्याही होत्या."

मी पलीकडच्या बांधीकडे तोंड करून पुन्हा ओरडले.