आधी दाखव, मग पूस

एंटर दाबायच्या आधी बाई दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायच्या. पडद्यावर टाईप केलेली ओळ मोठ्याने वाचायच्या, मग एकच बोट पुढे करून एंटर दाबायच्या आणि हात पुन्हा मांडीवर. घराला कुलूप लावल्यावर ते चारदा ओढून बघणारं माणूस तुमच्याही ओळखीत असेलच. आमच्या बाई त्यातल्या.

नव्वदच्या दशकात मी कल्याणच्या एका रक्तपेढीत नोकरीला होतो. रक्तदात्यांना फोन करायचे, बोलावून घ्यायचं, नंतर चहा-बिस्किटं द्यायची, हे माझं काम. कुणा दानशूराने पेढीला युनिक्सवर चालणारं कॉम्प्युटरचं एक मशीन आणि त्याला जोडलेली तीन टर्मिनल दिली, आणि ती सांभाळायला डोंबिवलीहून बाई येऊ लागल्या. चाळिशीच्या, सुती साडीतल्या, कायम कशाची तरी धास्ती घेतलेल्या. शिक्षिका नव्हत्या, तरी सगळे त्यांना बाईच म्हणायचे. एकदा शिकवायला बसल्या की दुसरं काही सुचायचंच नाही.

त्या मशीनला ना चित्रं, ना माऊस. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि हुकूम टाईप करायचा. पूस म्हटलं की ते पुसून मोकळं व्हायचं, ‘नक्की का?’ वगैरे विचारण्याची सभ्यता त्याच्याकडे नव्हती.

“मशीन म्हणजे घर समजा,” बाई मला सांगायच्या. “आत खोल्या आहेत. काहीही करायच्या आधी विचारायचं, आपण कुठल्या खोलीत उभे आहोत.”

हे विचारायच्या हुकमाचं नाव पीडब्ल्यूडी. एकदा आमचे सेक्रेटरी मागे उभे असताना बाई मला म्हणाल्या, “आधी पीडब्ल्यूडी करा.”

“का हो, रस्ता खणायचाय की काय?” सेक्रेटरींनी विचारलं.

बाई हसल्या नाहीत. पुसण्याच्या बाबतीत तर त्या फारच कडक. “आधी दाखव म्हणायचं, मग पूस म्हणायचं. काय काय पुसलं जाणार ते डोळ्यांनी बघायचं, आणि मगच त्या ओळीतला पहिला शब्द बदलायचा.” कुठल्याही फाईलला हात लावण्यापूर्वी तिची एक प्रत बाजूला काढून ठेवायची, हाही त्यांचाच दंडक. मला तेव्हा वैताग यायचा. आज साधी चिठ्ठी फाडतानाही मी ती उलटसुलट बघतो.

दर शनिवारी बाई मशीनमधलं सगळं एका टेपवर उतरवून घेत आणि ती टेप घरी नेत. पेढीला आग लागली तर? घरी ती स्टीलच्या डब्यात, टीव्ही आणि मिक्सरपासून लांब, कपाटात. सासूबाईंनी चाळीत सांगून टाकलं होतं की सून बँकेच्या लॉकरवर विश्वास ठेवत नाही. काही दिवस शेजारणी त्या कपाटाकडे फार आदराने बघत होत्या.

अशा बाईंच्या हातून ते झालं.

जुन्या, बिनकामाच्या फाईली टाकायला त्यांनी एक खोली केली होती. दर सोमवारी सकाळी, कुणी यायच्या आत, मशीनने आपणहून ती रिकामी करावी म्हणून दोन ओळींची स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. पहिली ओळ, त्या खोलीत जा. दुसरी, तिथलं सगळं पूस. एका शनिवारी आवराआवर करताना बाईंनी त्या खोलीचं नाव बदललं आणि स्क्रिप्टमध्ये बदलायचं विसरल्या. सोमवारी मशीनला ती खोली सापडली नाही. ते काही थांबलं नाही, दुसऱ्या ओळीवर गेलं आणि जिथे उभं होतं तिथलं सगळं पुसून टाकलं. ते उभं होतं रक्तदात्यांच्या खोलीत. नावं, रक्तगट, फोन नंबर, शेवटचं रक्त कधी दिलं, सगळं गेलं.

“माझीच स्क्रिप्ट आहे,” बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. “मी तिला आपण कुठे उभे आहोत ते विचारायला शिकवलंच नाही.”

नेमकी त्याच दिवशी विठ्ठलवाडीच्या एका मुलीची रक्त चढवायची पाळी होती. आठ वर्षांची पोर, थॅलेसेमियाची. तिचं शरीर स्वतःचं रक्त धड बनवत नसे, दर तीन आठवड्यांनी आमच्याकडे आतल्या खाटेवर दुसऱ्याचं चढवावं लागे. रक्तगट निगेटिव्ह, त्या गटाची पिशवी फ्रिजमध्ये नव्हती. मला तोंडपाठ असलेले दोन दाते नुकतेच रक्त देऊन गेलेले, म्हणजे तीन महिने बाद. दात्यांची जुनी कार्डं मशीन आल्यावर सेक्रेटरींनी रद्दीत घातलेली.

“भाऊ, आज होईल ना?” तिची आई मला विचारत होती. “कालपासून उठलीच नाहीये हो. जेवत पण नाही.” पोरगी तिच्या खांद्यावर मान टाकून होती. तिचे ओठ बघवत नव्हते.

बाई रिक्षा करून डोंबिवलीला गेल्या. येताना पत्री पुलावर अडकल्या. त्या येईपर्यंत मी जिन्यात किती खेपा घातल्या देव जाणे. आल्या त्या पोटाशी स्टीलचा डबा धरूनच.

टेप मशीनमध्ये घातली. आम्ही सगळे मागे उभे. बाईंनी आधी कुठे उभे आहोत ते विचारलं. मग टेपसाठी नवी वेगळी खोली केली.

“अहो बाई, टाका ना सरळ!” आमचे डॉक्टर ओरडले. “ती पोरगी बघा बाहेर!”

बाईंनी पुढची ओळ टाईप केली आणि हात मांडीवर ठेवले. त्या वाचू लागल्या. खरं सांगतो, मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला होता. त्यांना बाजूला सारून आपणच एंटर दाबावा असं वाटत होतं.

वाचता वाचता त्या थांबल्या. बोटांनी सवयीने शनिवारचाच हुकूम टाईप केला होता, टेपवर लिही. एंटर दाबला असता तर ती नवी रिकामी खोली टेपवर उतरली असती आणि जगातली शेवटची प्रत गेली असती.

बाईंनी ओळ खोडली, टेपवरून वाच असा हुकूम टाईप केला, पुन्हा हात मांडीवर घेऊन तो वाचला आणि एंटर दाबला. त्यांचं पोलकं पाठीवर घामाने भिजलं होतं. मग हिरव्या अक्षरांत नावं येऊ लागली. मी कळव्याच्या एका कोळीदादांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला.

“आयलोच मी,” ते म्हणाले, आणि खरंच आले. तपासण्या होऊन संध्याकाळी मुलीला रक्त चढलं. रात्र होईपर्यंत ती आईकडे वडापाव मागू लागली होती.

बाईंना कुणी एका शब्दानं बोललं नाही. त्यांनी स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली, खोली सापडली नाही तर थांब. महिनाभरात राजीनामा दिला. डॉक्टरांनी तो दोनदा परत केला. “मला आता झोप लागत नाही हो,” एवढंच त्या म्हणाल्या.

नोकरी सोडली, पण त्या मुलीला रक्त चढवायचं असलं की डोंबिवलीहून यायच्या. बाहेरच्या बाकावर बसायच्या. आत रक्त सुरू झालं असं मी येऊन सांगितलं की उठून जायच्या. मुलीशी कधी बोलल्या नाहीत. आईला वाटायचं, याही कुणाच्या तरी नातेवाईक असतील.

वर्षभर असं चाललं. मग एका खेपेला मायलेकी आल्याच नाहीत. दुपारी वडील एकटे आले. तापाचं निमित्त झालं, मुंबईच्या इस्पितळात नेलं होतं, तिथेच गेली. बाकावर बसलेल्या बाईंना हे मलाच सांगावं लागलं.

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “दाता मिळाला होता ना?”

“मिळाला होता, बाई. सकाळीच आलाय. आत बसलाय.”

“मिळाला होता ना,” त्या पुन्हा म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. मी शेजारी बसून राहिलो. आत त्या माणसाला आता घरी जा म्हणून सांगायचं होतं, पण मला उठवेना.