माझ्या मुलीचं गाऱ्हाणं

आमच्याकडे मुलगी रागावली, तर कशाने रागावली हे कुणी विचारत नाही. कुणामुळे बिघडली हे विचारतात, आणि उत्तर विचारणाऱ्याकडे आधीच तयार असतं. आई. दुसरं कोण? बाप वर्षातले आठ महिने जहाजावर, तो बिचारा समुद्रातून काय बिघडवणार!

माझी मुलगी सोळाची झाली त्या पावसाळ्यात तिने घरात नुसता उच्छाद मांडला. दारं अशी आपटायची की एका दाराची कडीच निखळून आली. मी बोलायला तोंड उघडलं की कानात इअरफोन. एकदा जेवणाचं ताट अंगणात गेलं, बांगडा माशाच्या तिखल्यासकट, आणि शेजारच्या मांजराने ते साफ करेपर्यंत आम्ही दोघी दोन टोकांना उभ्या राहून एकमेकींकडे बघत होतो. तिचा मला राग यायचा. उगाच कशाला लपवू? कानाखाली एक ठेवून द्यावी असंही वाटायचं.

नवऱ्याचा व्हिडिओ कॉल यायचा. पाठीमागे निळं पाणी, अंगात इस्त्रीचा शर्ट. "तू घराकडे असतंस. मगे तुका दिसाक नाय काय?" असं मलाच विचारायचा. मालवणात माझी खानावळ आहे. सकाळी मासळीबाजारात जाण्यापासून संध्याकाळी टोप घासण्यापर्यंत मी तिथे उभी असते, हे त्याला ठाऊक आहे. त्याच्या बोलण्यातलं घर बहुधा वेगळंच असावं.

थोरल्या जावेचं तर उचलली जीभ लावली टाळ्याला. "आवशीचा लक्ष नाय म्हणान चेडू बिघडला." आईमुळे मुलगी बिघडली, हे ती माझ्यासमोर म्हणायची, आणि वर खाण तशी माती हेही. मी काय लहानपणी ताटं भिरकावत होते? मला ताट भिरकावायची सोय होती कुठे!

आता मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगते. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

दहावीची परीक्षा झाल्यावर मे महिन्यात मुलीला मी खानावळीत वाढायला घेतलं होतं. ऐन हंगाम, माणसं कमी. तिला यायचं नव्हतं, मीच ओढून नेलं. एके दुपारी बाहेरगावचे पाच पुरुष जेवायला बसले. त्यांतला एकजण ती वाढत असताना मोबाईलवर तिचं चित्रीकरण करत होता. ती आत येऊन मला म्हणाली, "आई, त्या माणसाक सांग." मी सुरमईला मसाला लावत होते. म्हटलं, "दुर्लक्ष कर. खातील आणि जातील." ती परत सोलकढी घेऊन गेली. तो म्हणाला, "अगं, जरा हसून वाढ की." तिने तांब्यातली सगळी सोलकढी त्याच्या मोबाईलवर ओतली.

मी धावत बाहेर आले. आणि काय केलं? त्या माणसाचा मोबाईल माझ्या पदराने पुसला. आम्ही साहेबांपुढे बोलतो तसलं शुद्ध मराठी काढून म्हणाले, "लहान आहे हो, तिला समजत नाही." मग तिच्याकडे वळले. "सॉरी म्हण." ऑनलाइन आमच्याबद्दल काय लिहितील, याची मला भीती वाटली होती. ती सॉरी म्हणाली. त्यानंतर तिने माझ्याशी नीट बोलणं सोडलं. कुंपणानेच शेत खाल्लं, तर शेताने काय करावं? पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी चारचौघांत कपाळाला हात लावून म्हणायचे, "एवढो राग खंयसून येता, देवाक म्हायत!"

श्रावणात आमची सगळी भावकी मूळ घराच्या देवासमोर जमते. घरातला मोठा पुरुष हातात नारळ घेऊन गाऱ्हाणं घालतो, म्हणजे वर्षभराची सगळ्यांची दुखणीखुपणी मोठ्याने देवाच्या कानावर घालतो. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. गेली कित्येक वर्षं हा मान माझ्या थोरल्या दिरांचा आहे. आदल्या दिवशी मी त्यांना गाठलं. "भावजी, चेडवाच्या रागाचा पण गाराणा घाला." लोक मला बोलून बोलून सोलून काढत होते. देवासमोर दोष दुसऱ्या कुणावर गेला तर मला हवाच होता. उगाच खोटं कशाला बोलू?

दिरांनी मुळीच कसर ठेवली नाही. आजारपणं झाली, नोकऱ्या झाल्या, लग्नं झाली, आणि मग त्यांचा आवाज चढला. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या डोक्यात जो काय राग शिरलो आसा, तो कोणी घातलो ता तुका म्हायत. कोणाची वाईट नजर लागली आसात, कोणी काय करणी केली आसात, तर ती दूर कर, आणि हिका सुबुद्धी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळीस माणसं ओरडली. त्यात मीही होते. माझा आवाज जरा जास्तच मोठा होता.

मुलगी पुढेच उभी होती, हातात प्रसादाचं ताट घेऊन. तिने ते आपटलं नाही. हळूच खाली ठेवलं, चप्पल घातली आणि चालू पडली. कट्टा गावच्या स्टॉपवरून कुडाळची एसटी पकडून ती माझ्या बहिणीकडे गेली. मागून थोरली जाऊ म्हणाली, "बघलंस? देवाचो पण मान नाय."

लोक म्हणाले, दोन दिवसांत येईल, जाणार कुठे? आठवडा गेला. नवऱ्याने समुद्रातून मलाच झापलं. मी कुडाळला गेले. तिने दार उघडलं, पण बसायला सांगितलं नाही.

"सगळ्यांदेखत माका खुळी ठरवलंस," ती म्हणाली. "आणि काय झाला होता, ता तुका म्हायत होता."

"चल घराकडे. मी माफी मागतंय."

"हयसर नको. त्याच देवासमोर. तुझ्या तोंडान सांग, काय झाला ता. तोवर मी येवचंय नाय. मावशी माका ठेवता म्हणाली. कॉलेजात पण हयसरच नाव घालतंय."

बहीण माझ्या नजरेला नजर देईना. तेव्हा कळलं की पोर खरंच जाते आहे.

दिरांकडे गेले, म्हटलं ते गाऱ्हाणं मागे घ्यायचंय, नवं मीच घालते. ते ओटीवर सुपारी कातरत होते. "घातलला गाराणा परत घेवक येता काय?" म्हणाले. "देव म्हणजे काय ग्रामसेवक आसा, अर्ज मागे घेवक? आणि बायलमाणूस गाराणा घालता, असा कधी आयकलंस काय?"

मी म्हटलं, "भावजी, माझ्या चेडवाची बदनामी बायलमाणसान ऐकलेली चालता. मगे नारळ बायलमाणसाच्या हातात कित्याक चालना नाय?" त्यांचा अडकित्ता थांबला. मी उत्तराची वाट बघितली नाही.

मी निरोप धाडला, आणि रविवारी सकाळी मुलगी आली. पिशवी न घेता, म्हणजे परत जायच्या तयारीनेच. मूळ घरात देवासमोर मी नारळ घेऊन उभी राहिले, ती माझ्या मागे. दीर आणि जाऊ दारात, चौकटीला टेकून, तमाशा बघायला.

"बा देवा म्हाराजा, माका गाराणा घालूक येणा नाय, सांभाळून घे," मी सुरुवात केली. मग राग तोंडात आला तसा ओतत गेले. "हिचो बापूस जहाजार बसान माका शिकयता, म्हाराजा." मागून "व्हय म्हाराजा" आलं नाही. "लोकांनी बोलान बोलान माझो जीव खाल्ल्यानी, म्हाराजा." जावेने घसा खाकरला. एकटीच्या खानावळीचं सांगितलं, हंगामाचं सांगितलं, माझ्या दुखऱ्या गुडघ्यांचंसुद्धा सांगितलं. तरी मागून "व्हय" नाहीच. नारळ हातात जड व्हायला लागला.

मग मी डोळे मिटले. "मे म्हयन्यात एका गिऱ्हायकान माझ्या चेडवाची छेड काढली. हिणा माका येवन सांगितल्यान, मी आयकलंय नाय. हिणा त्येच्यार सोलकढी वतली, ता बराच केला. मी त्येचो मोबाईल पुसलंय, आणि माझ्या चेडवाक माफी मागूक लावलंय. हिका नजर नाय, करणी नाय. हो राग खरो आसा, आणि तो माझ्यामुळा आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

इतक्या जोरात की दारातले दोघे दचकले. त्या आवाजात माफी नव्हती, माया तर नव्हतीच. पण मे महिन्यापासून माझ्या बोलण्याला तिने दिलेला तो पहिला होकार होता.